आवरणचित्रकाराची निर्मितिप्रक्रिया : दीनानाथ दलाल व ॲलेक्स स्टाइनवाइस

ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि ग्रामोफोनच्या तबकडीचे आवरण ही दोन्ही उपयोजित चित्रकलेची क्षेत्रे होत. येथे चित्र स्वतःपुरते नसते. ते दुसऱ्या एका कृतीच्या सेवेस लावलेले असते. त्यामुळे चित्रकलेचा इतिहासकार या चित्रांना व्यवसायात ढकलतो, आणि साहित्याचा वा संगीताचा अभ्यासक त्यांना वेष्टन समजून बाजूस सारतो. या दुहेरी उपेक्षेत एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. वाचकाचा वा श्रोत्याचा कृतीशी जो पहिला परिचय घडतो तो या चित्राच्या द्वारेच घडतो, आणि कृतीविषयीची त्याची पहिली अपेक्षा या चित्रानेच घडविलेली असते.

प्रस्तुत लेखात दोन समकालीन आवरणचित्रकारांच्या कारकिर्दीचा व निर्मितिप्रक्रियेचा विचार केला आहे. दीनानाथ दामोदर दलाल यांचा जन्म ३० मे १९१६ रोजी गोव्यात मडगाव येथे झाला. ॲलेक्स स्टाइनवाइस यांचा २४ मार्च १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. एकाने मराठी पुस्तकाला व दिवाळी अंकाला चेहरा दिला. दुसऱ्याने तबकडीच्या संचाला. दोघांमध्ये प्रभावाचे नाते शोधण्याचा येथे हेतू नाही. एकाच प्रकारच्या कामाने दोन दूरच्या ठिकाणी कोणते समान प्रश्न उभे केले आणि त्यांची उत्तरे कोठे भिन्न झाली, एवढेच पाहावयाचे आहे.

१. तबकडी, संच आणि पाकीट

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. पाश्चात्य संगीतातील एखादी सिंफनी चाळीस-पन्नास मिनिटे चालणारी असेल, तर तिच्यासाठी पाच-सहा तबकड्या लागत. या तबकड्या कागदी खिशांत घालून ते खिसे पुस्तकाप्रमाणे एकत्र बांधीत. छायाचित्रांच्या वहीसारखी दिसणारी ही बांधणी म्हणजेच ‘अल्बम’. पुढे एकाच तबकडीवर सर्व मजकूर मावू लागला, वही नाहीशी झाली, पण शब्द मात्र टिकून राहिला. वही म्हटली की तिला पुठ्ठा आला आणि पुठ्ठा आला की चित्राला जागा मिळाली.

भारतात १९०२ साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. परंतु येथील तबकडी बहुतांशी सुटी विकली जाई. नाट्यपद असो वा भावगीत, ते तीन-चार मिनिटांत आटोपशीर बसविले जाई, आणि तबकडी साध्या कागदी पाकिटात घालून दिली जाई. पाकिटाच्या मध्यभागी गोल छिद्र असे व त्यातून तबकडीवरील चकतीचा मजकूर दिसे. गायकाचे नाव, रागाचे वा नाटकाचे नाव आणि कंपनीचे बोधचिन्ह एवढ्याने काम भागत असल्यामुळे चित्रकाराला तेथे अवकाशच नव्हता. दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या मराठी घरांत रुळल्या तेव्हा विसावे शतक अर्ध्याहून अधिक सरले होते. जे काम अमेरिकेत तबकडीच्या संचावर झाले ते महाराष्ट्रात पुस्तकाच्या मुखपृष्ठावर व दिवाळी अंकावर का झाले, याचे एक कारण या व्यावहारिक भेदात आहे. मराठी आवरणचित्रकाराचा शोध घ्यावयाचा तर तो प्रथम तेथेच घेतला पाहिजे.

२. स्टाइनवाइस : कारकीर्द

स्टाइनवाइस यांचे वडील पादत्राणांचे नमुने तयार करणारे कारागीर होते व आई शिवणकाम करी. ब्रुकलिनच्या अब्राहम लिंकन शाळेत लिऑन फ्रेंड या कलाशिक्षकाने त्यांना भित्तिपत्रके व अक्षररचना यांची गोडी लावली. पुढे पार्सन्स येथील शिक्षण संपल्यावर जोझेफ बाइंडर या मूळच्या व्हिएन्नाच्या भित्तिपत्रककाराकडे त्यांनी उमेदवारी केली. सपाट रंग, मोजके आकार व दुरून वाचता येणारी कल्पना ही या उमेदवारीची देणगी होय.

१९३९ साली ते कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीचे कलासंचालक झाले. तेव्हा तबकड्यांचे संच करड्या वा तपकिरी पुठ्ठ्यांत विकले जात आणि त्यांच्या कण्यावर फक्त नाव छापलेले असे. दुकानात ओळीने उभ्या असलेल्या या संचांना ‘थडग्यांचे दगड’ असे म्हटले जाई. पुठ्ठ्यावर चित्र छापावे, ही स्टाइनवाइस यांची सूचना खर्चाच्या दृष्टीने साहसाची होती. १९४० साली रॉजर्स व हार्ट यांच्या गीतांच्या संचावर ती प्रथम अमलात आली. त्यासाठी न्यूयॉर्कच्या इंपीरियल नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरील दिव्यांची अक्षरे बदलवून तेथे संचाचे नाव लिहविले गेले व त्याचे छायाचित्र घेतले गेले. त्यावर तबकडीच्या खाचा सुचविणारी वर्तुळे आखली गेली. बेथोव्हेनच्या ‘इरॉइका’ सिंफनीचा संच नव्या आवरणासह पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याची विक्री ८९५ टक्क्यांनी वाढल्याचे ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने नमूद केले. संगीत तेच, वादनही तेच होते. बदलले होते ते केवळ आवरण. त्या एका अनुभवाने चित्राची किंमत व्यापाऱ्याला पटली.

महायुद्धाच्या काळात ते अमेरिकन नौदलासाठी शिक्षणोपयोगी भित्तिपत्रके करीत आणि रात्री आवरणे रंगवीत. १९४८ साली कोलंबियाने मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादनाची तबकडी बाजारात आणली. तिच्या खाचा फार सूक्ष्म असल्यामुळे जाड कागदाच्या पिशवीत ती ओरखडली जाई. त्यावर उपाय म्हणून पातळ पुठ्ठ्याला छापील कागद चिकटवून केलेले चौकोनी पाकीट स्टाइनवाइस यांनी सिद्ध केले. आवरणाचे चित्र काढणारा मनुष्य येथे आवरणाची वस्तूच घडवितो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढील सुमारे चार दशके जगभर हेच पाकीट चालले. इतर कंपन्यांसाठी त्यांनी ‘पिएद्रा ब्लांका’ या टोपणनावानेही काम केले. ‘पांढरा दगड’ असा त्याचा अर्थ असून ते त्यांच्या आडनावाचेच स्पॅनिश रूपांतर होय. पन्नाशी उलटल्यावर ते या व्यवसायातून निवृत्त झाले व १७ जुलै २०११ रोजी फ्लॉरिडात निधन पावले.

३. दलाल : पूर्वपीठिका व कारकीर्द

दलालांच्या आधी मराठी वाचकाच्या घरात छापील चित्र पोहोचले होते. रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे पनवेलवरून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मळवली येथे नेण्यात आला. तेथून देवदेवतांची रंगीत चित्रे देशभर गेली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या अकादमिक शिक्षण घेतलेल्या चित्रकारांनी पुस्तकांसाठी व नियतकालिकांसाठी चित्रे काढली. परंतु त्यांपैकी बहुतेकांची मुख्य प्रतिष्ठा अन्यत्र होती. छपाईसाठीचे काम हा त्यांचा जोडधंदा होता.

१९३५ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. छपाईसाठी चित्र काढणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, ही जाणीव यातून संस्थेच्या पातळीवर मान्य झाली. त्याच दशकात दलाल या संस्थेत शिकले. शिक्षणानंतर त्यांनी मुंबईत छापील चित्राच्या क्षेत्रातच आपले आयुष्य घातले. मुखपृष्ठे, कथाचित्रे, व्यंगचित्रे व राजकीय व्यंगचित्रे असे त्यांच्या कामाचे विविध प्रकार आहेत. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपति’ या ग्रंथातील चित्रे तर महाराष्ट्राच्या स्मृतीचा भाग झाली आहेत. ज्या पिढीने शिवकालाची कल्पना त्या ग्रंथावरून केली, तिच्या मनातील वेष, शस्त्रे व मुद्रा यांना आकार देण्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे.

१९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक काढले. कागदाची टंचाई व नियंत्रणे यांचा तो काळ होता. चित्रकार स्वतःच संपादक होणे ही घटना मराठी नियतकालिकांच्या इतिहासात अर्थपूर्ण आहे. एरवी चित्रकाराला प्रकाशकाने दिलेल्या चौकटीत काम करावे लागते. येथे चौकट, कागद, पानाचा आकार, रंगीत पानांची संख्या या सर्वांचा निर्णय चित्रकाराच्या हाती आला. नायिका, ऋतू, प्राचीन काव्यांतील प्रसंग अशा विषयांवरची चित्रे केवळ कथेची सोबत म्हणून न येता स्वतंत्र आशय म्हणून अंकात येऊ लागली. १५ जानेवारी १९७१ रोजी दलालांचे निधन झाले. ‘दीपावली’ त्यांच्यानंतरही चालू राहिला.

दोघांमधील पहिला भेद येथे स्पष्ट होतो. स्टाइनवाइस यांनी पाकिटाची वस्तू घडवून आपल्या चित्राला जागा मिळविली. दलालांनी नियतकालिक काढून ती मिळविली. एकाचे स्वातंत्र्य कारागिराचे होते, दुसऱ्याचे संपादकाचे.

४. आशय, यंत्र आणि टेबल

आवरणचित्रकाराला एकाच वेळी तीन धन्यांची चाकरी करावी लागते. पहिला धनी म्हणजे आतील कृतीचा आशय, दुसरा छपाईचे यंत्र आणि तिसरा, जेथे ती वस्तू पाहिली जाते ते ठिकाण. निर्मितिप्रक्रिया म्हणजे या तिघांच्या मागण्यांतून काढलेली वाट होय.

आशयाचा प्रश्न दोन्ही क्षेत्रांत भिन्न आहे. संगीताला दृश्य रूप नाही. त्यामुळे स्टाइनवाइस यांना चिन्ह शोधावे लागे. गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’साठी त्यांनी निळसर रात्रीच्या शहराच्या आकृतीपुढे रस्त्यावरील दिव्याखाली एक पियानो ठेवला. पॉल रोबसन यांच्या ‘साँग्ज ऑफ फ्री मेन’ या संचासाठी साखळीने जखडलेल्या हातात सुरा दिला. गायकाचा चेहरा दाखविण्याऐवजी गाण्याचा अर्थ दाखविणे ही त्यांची पद्धती होती. संगीत ऐकून त्याच्या वातावरणाचे एकच मुख्य चिन्ह ठरवावयाचे आणि बाकीचे सर्व गाळावयाचे, हा त्यांच्या प्रक्रियेचा गाभा होय.

कथा-कादंबरीला मात्र पात्रे असतात, स्थळ असते, काळ असतो. तेथे चित्रकारापुढील अडचण अभावाची नसून विपुलतेची असते. कोणता प्रसंग घ्यावा व कोणता सोडावा? शेवट उघड न करता त्याची चाहूल कशी द्यावी? नायिकेचा चेहरा काढला तर वाचकाच्या कल्पनेतील चेहऱ्याशी तो भांडेल काय? दलालांच्या कामात या प्रश्नांना एकच एक उत्तर आढळत नाही. त्यांची शैली आशयानुसार बदलते. पौराणिक वा शृंगारिक विषय असेल तर लघुचित्रांच्या परंपरेतील लयबद्ध रेषा व सपाट अलंकरण येते; सामाजिक कथा असेल तर जलरंगातील वास्तवदर्शी आकृती येते; विनोदी लेखन असेल तर रेषा मोकळी होते. वाचक चित्राच्या शैलीवरूनच पुस्तकाचा प्रकार ओळखू शकतो. स्टाइनवाइस यांचे आवरण त्यांच्या हस्तखुणेमुळे ओळखता येते. दलालांची कित्येक चित्रे शेजारी ठेवली तर कोपऱ्यातील ‘दलाल’ ही सही त्यांना एकत्र बांधते.

दुसरा धनी छपाईचे यंत्र. दलालांच्या काळात चित्र छापण्यासाठी धातूचे ठसे करावे लागत. छपाईच्या व्यवहारात त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. केवळ काळ्या-पांढऱ्या रेषेच्या चित्राचा ‘लाइन ब्लॉक’ जस्तावर होई. तो स्वस्त असे व साध्या कागदावरही स्वच्छ उठे. छटांच्या चित्रासाठी ‘हाफटोन’ पद्धती लागे. या पद्धतीत चित्राचे छायाचित्र सूक्ष्म रेषांच्या काचेच्या जाळीतून घेतले जाते. त्यामुळे छटा लहानमोठ्या ठिपक्यांत विभागल्या जातात, आणि डोळा त्या ठिपक्यांतून पुन्हा छटा जुळवितो. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचास ६५ च्या आसपास रेषांची जाळी चाले, तर गुळगुळीत आर्ट पेपरासाठी १३३ वा १५० रेषांची. रंगीत चित्रासाठी निळ्या, हिरव्या व तांबड्या गाळणीतून वेगवेगळी छायाचित्रे घेऊन अनुक्रमे पिवळ्या, तांबड्या व निळ्या शाईचे ठसे करीत. काळा ठसा चौथा. चारही ठसे कागदावर एकाच जागी पडले पाहिजेत. केसभर सरकले तरी नायिकेच्या ओठांचा रंग गालावर दिसे.

ही माहिती केवळ तांत्रिक नाही. चित्राची शैली तिच्याशी निगडित आहे. मर्यादित खर्चाच्या पुस्तकासाठी चित्रकार काळ्या रेषेचे मूळ चित्र काढून दुसऱ्या-तिसऱ्या रंगाच्या जागा पारदर्शक कागदावर स्वतंत्रपणे दाखवीत असे. या पद्धतीत छटा नसतात, रंगाचे सपाट तुकडे असतात. पण एका रंगावर दुसरा छापून तिसरा रंग मिळविता येतो. दोन शायांत तीन रंग, तीन शायांत सहा-सात रंग. ज्याला हे गणित अवगत आहे तो चित्रकार कागद हाती घेतानाच छापील परिणाम डोळ्यांपुढे आणून काम करतो. दलालांच्या रेषेला जे महत्त्व आहे त्याची संगती येथे लागते. छटा हरवल्या, रंग सरकला, कागद हलका निघाला, तरी रेषा टिकते. त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्याशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. मुळगावकरांनी फवाऱ्याच्या साहाय्याने साधलेल्या मृदू, एकमेकींत विरघळणाऱ्या छटा हे त्यांचे वैशिष्ट्य. त्या यथार्थ उतरण्यासाठी उत्तम जाळी व उत्तम कागद हवा. एकाच काळातील, गोमंतकातूनच आलेल्या या दोन चित्रकारांची लोकप्रियता तुल्यबळ होती. पण यंत्राशी त्यांनी केलेले करार भिन्न होते.

स्टाइनवाइस यांच्यावरही हेच बंधन होते. आरंभी त्यांना मोजक्याच शाया परवडत. त्यांनी त्या सपाट वापरल्या आणि उणिवेचीच शैली केली. जे तंत्राने नाकारले ते कल्पनेने भरून काढणे हा दोघांचा समान धर्म होय.

तिसरा धनी म्हणजे पाहण्याची जागा. अमेरिकन तबकडी दुकानात उभी असे. ग्राहक चार-सहा फुटांवरून तिच्याकडे पाही. त्यामुळे तेथे भित्तिपत्रकाचा न्याय लागू पडला. मराठी पुस्तकाची स्थिती वेगळी होती. गिरगावात छापलेले पुस्तक मुंबईच्या दुकानापेक्षा गावोगावच्या वाचनालयांच्या टेबलांवरच अधिक पाहिले जाई. पनवेलचे उदाहरण घ्यावे. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने गाव. परंतु १९७३ साली वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून येथे येणारा रस्ता ठाण्यावरून वळसा घालीत असे. केवळ पुस्तके चाळण्यासाठी मुंबई गाठणे येथील सामान्य वाचकास सुलभ नव्हते. अशा गावात वाचनालयाचे टेबल हेच पुस्तकाचे दुकान असते. तेथे वाचक अंक हातात घेतो, हातभर अंतरावरून पाहतो, पुन्हा पुन्हा पाहतो, आणि तोच अंक पुढे अनेक घरांत फिरतो. दुरून ओळखू येणाऱ्या चिन्हापेक्षा जवळून निरखण्याजोगा तपशील त्याला हवा असतो. दागिन्याची घडण, लुगड्याचा काठ, डोळ्यांतील भाव यांवर मराठी मुखपृष्ठात जो भर आढळतो तो केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. ते पाहण्याच्या अंतराचेही फळ आहे.

५. अक्षरांचा प्रश्न

आवरणावर चित्राइतकेच महत्त्व नावाला असते. स्टाइनवाइस यांनी आपल्या वळणदार हस्ताक्षरातून जी अक्षरे घडविली ती पुढे ‘स्टाइनवाइस स्क्रॉल’ या नावाने इतर चित्रकारांनाही उपलब्ध झाली. देवनागरीत अडचण मोठी होती. शीर्षकासाठी योग्य असे खिळ्यांचे मोठे व विविध वळणांचे संच फार थोडे होते. जोडाक्षरे, वरखालच्या मात्रा व उकार यांमुळे नवे संच पाडणे खर्चाचे होते. परिणामी पुस्तकाचे नाव चित्रकाराला हातानेच काढावे लागे. ही उणीव पुढे एका स्वतंत्र कलेची जननी ठरली. शिरोरेषा ठेवावी, तोडावी वा तिलाच चित्राचा भाग करावे. मात्रेला पंख, पान वा ज्योत करावे. असे प्रयोग याच गरजेतून निघाले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींतील नामाक्षरांत ही कला कळसास नेली, तर र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी तिला शास्त्रीय अभ्यासाची व पुढे संगणकीय अक्षराची दिशा दिली. मुखपृष्ठाचा अभ्यास केवळ चित्रापुरता मर्यादित ठेवल्यास ही सर्व परंपरा हातातून निसटते.

६. आवरण आणि अभ्यासाचे साधन

कॅसेट व पाठोपाठ १९८२ पासून आलेली कॉम्पॅक्ट डिस्क यांनी बारा इंचांचे तबकडीचे पाकीट पाच इंचांच्या आत आणले. आता ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नखाएवढे झाले आहे. पुस्तकाचेही मुखपृष्ठ अनेकदा प्रथम तेथेच पाहिले जाते. पाहण्याची जागा बदलली की चित्राचे व्याकरण बदलते, हे वर दाखविलेच आहे. छोट्या पडद्याने पुन्हा ठळक चिन्हाला व मोठ्या अक्षराला प्राधान्य दिले आहे. स्टाइनवाइस यांचा न्याय मराठी पुस्तकाला असा उशिराने लागू झाला.

परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न जुन्या आवरणांच्या जतनाचा आहे. वाचनालयात पुस्तक हाताळून खिळखिळे झाले की त्याची नव्याने बांधणी होते. बांधणी करताना वेष्टन व पुष्कळदा मूळ पुठ्ठाही काढून टाकला जातो आणि पुस्तक एकरंगी कापडात बसते. जे पुस्तक अधिक वाचले गेले त्याचे मुखपृष्ठ अधिक लवकर नष्ट होते. लोकप्रियतेचा पुरावा लोकप्रियतेनेच पुसला जावा अशी ही विपरीत स्थिती आहे. दिवाळी अंकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने गळतात. तबकडी जपणारा संग्राहक पाकीट फाटले की नवे कोरे घालतो. त्यामुळे दलालांसारख्या चित्रकाराच्या समग्र कार्याची वर्णनात्मक सूची करावयाची झाल्यास मूळ सामग्रीच ठिकठिकाणी तुटलेली आढळते. छपाईनंतर मूळ चित्रे जपून ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक नसल्याने छापील आवरण हाच बहुधा एकमेव पुरावा उरतो.

या दृष्टीने विद्यापीठीय विभागांना करता येण्याजोगे काम साधे आहे. ग्रंथसूचीच्या नोंदीत लेखक, प्रकाशक व वर्ष यांच्याबरोबर मुखपृष्ठकार, आतील चित्रकार, ठसे करणारी संस्था व मुद्रणालय यांची नोंद करावी. बांधणीपूर्वी आवरणाचे छायाचित्र घ्यावे. एका पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची मुखपृष्ठे एकत्र अभ्यासावी. एकाच कादंबरीच्या तीन आवृत्त्यांवरील तीन मुखपृष्ठे पाहिली की त्या कादंबरीकडे समाज कोणत्या काळी कसा पाहत होता, याचे उत्तर समीक्षेच्या लेखांपेक्षा काही वेळा अधिक नेमकेपणाने मिळते. आवरण हा कृतीवरील पहिला अभिप्राय असतो, आणि तो अभिप्राय देणाऱ्याचे नाव नोंदीत असणे हा त्या चित्रकाराचा न्याय्य हक्क आहे.